मितवल्लीचं रक्त

मितवल्लीला बाकला चालत नसे. आमच्या महल्ल्यात, या गिरण्यांच्या शहरात, असं सांगणं म्हणजे एखाद्याला पाणी चालत नाही असं सांगण्यासारखं आहे. इथे कोपऱ्यावरच्या गाडीवर बाकल्याचा, म्हणजे वालासारख्या जाड दाण्यांच्या उसळीचा, हंडा मंद आचेवर ठेवलेला असतो. लोक वाडगं पुढे करतात, त्यावर जिरं, लिंबू, तेल पडतं, गरम रोटीचा तुकडा बुडवून चार घास खाल्ले की माणूस गिरणीकडे पळतो. वडे खायचे म्हटले तरी तेही बाकल्याचेच.

मितवल्ली लहान असताना मामाच्या शेतावर हिरव्या शेंगा सोलून त्याने मूठभर दाणे खाल्ले होते. त्यानंतर त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. तांता शहरातल्या इस्पितळात रक्त चढवलं तेव्हा कुठे तो वाचला. डॉक्टरांनी त्याच्या आईला, सकीनाला, समजावून सांगितलं होतं. रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळणारं एक द्रव्य याच्या अंगात जन्मतःच कमी आहे. बाकला पोटात गेला किंवा काही ठरावीक औषधं गेली, की पेशी फटाफट फुटतात. आणि हे आईकडून मुलाकडे येतं. त्या दिवसापासून सकीनाने घरात बाकल्याचा दाणा येऊ दिला नाही. लग्न ठरलं तेव्हा रावयाच्या आईला तिने आधी तेच सांगितलं, "माझ्या मुलाला दारू नाही, जुगार नाही, बाकला नाही." मांडवात लोक बराच वेळ हसत होते.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. रावया मला मावशी म्हणते. सकीना वारल्यावर रावयाने घरातलं सगळं मलाच येऊन सांगायचं असं ठरून गेलं होतं. म्हणून हे मला ठाऊक आहे.

मितवल्ली रंगाईच्या कारखान्यात काळ्या विभागात होता. बायकांच्या पायघोळ अबायांचं काळं कापड तिथे रंगतं. जुनी, स्वस्त पद्धत. त्यासाठी एक तेल लागतं, ॲनिलिन म्हणतात त्याला, पण कामगार नुसतं तेलच म्हणायचे. त्याचा वास मासळी नासल्यासारखा. तो मितवल्लीच्या केसांतून कधी जायचा नाही. कारखाना रोज प्रत्येकाला पेलाभर दूध द्यायचा, विष मारायला म्हणून. दूध पिऊन लोक बाहेर जाऊन सिगारेट ओढायचे आणि परत रंगाच्या हौदावर उभे राहायचे. मितवल्लीचा जोडीदार बयूमी, जाडजूड, तोंडाळ माणूस, म्हणायचा, "दूध तेलाला मारतं, धूर दुधाला मारतो, आणि आम्हाला मारायला हिलाल पुरेसा आहे." हिलाल त्यांचा मुकादम.

मग एक वर्षी त्या विभागातला एक माणूस हौदापाशीच कोसळला. तो वाचला, पण त्याला हाच बाकल्याचा आजार होता असं निघालं. डॉक्टर म्हणाले, इतरांना जेवढ्या तेलाने नुसतं डोकं दुखतं तेवढ्याने याचं रक्त फुटतं. कारखान्याने पाइप बदलले नाहीत, पंखे बसवले नाहीत. हिलाल फाटकावर उभा राहून विचारू लागला, "बाकला कुणाला चालत नाही? बिनधास्त सांगा, तुमच्याच भल्याचं आहे. हलकं काम देऊ." तिघांनी सांगितलं. हलकं काम म्हणजे घरी बसणं, हे त्यांना आठवड्याभरातच कळलं.

मितवल्लीने सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तो घरी आला आणि रावयाला म्हणाला, "उद्यापासून डब्यात बाकला दे."

"वेड लागलं का तुम्हाला?"

"बाकल्यासारखं काहीतरी दे. सगळे बघतायत कोण काय खातो ते."

रावयाने अख्खे मसूर शिजवले, लसूण-जिऱ्याबरोबर घोटले, वरून तेल सोडलं. माझ्याकडे वाटी घेऊन आली. "मावशी, बघा बरं. बाकला वाटतो का?"

"चवीला नाही वाटत."

"चव कोण बघतंय?"

असं ते सुरू झालं. रोज सकाळच्या सुट्टीत मितवल्ली सगळ्यांच्या मधोमध बसून डबा उघडायचा, मोठ्याने ढेकर द्यायचा. बयूमीलाही त्याने खरं सांगितलं नव्हतं. बयूमीच्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या महल्ल्याला माहीत.

पण तेलाला फसवता येत नव्हतं. मितवल्लीचे डोळे अधूनमधून पिवळट व्हायचे. जिना चढताना तो माझ्या दारापाशी थांबून श्वास घ्यायचा. "यकृताला व्हायरस झालाय," असं कामावर सांगायचा. आमच्याकडे तो इतक्या जणांना असतो की कुणी पुढे विचारत नाही. रावया मागे लागली होती. एकदा वरून तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, "सोडा ते काम! टुकटुक चालवा, भाजी विका, काहीही करा!"

"आणि विमा? दुआच्या दम्याची औषधं कोण देणार, टुकटुक?" दुआ म्हणजे त्यांची मुलगी. "बयूमी माझ्याच हौदावर आहे. तो बघ कसा रेड्यासारखा आहे."

"बयूमीचं रक्त बयूमीचं आहे, दुआचे बाबा. तुमचं तुमचं आहे."

मग वर दार आपटल्याचा आवाज आला.

त्या दिवशी काय झालं ते बयूमीने मला नंतर सांगितलं, अनेकदा सांगितलं, दरवेळी त्याच जागी अडखळत. पिंपातून हौदाकडे तेल नेणाऱ्या पाइपाच्या सांध्याला चिंधी गुंडाळलेली होती. तो सांधा सुटला आणि तेल मितवल्लीच्या कमरेखाली, मांड्यांवरून, थेट बुटांत गेलं. बयूमी ओरडला, "कपडे काढ!" मितवल्ली पट्टा सोडायला लागला, तेवढ्यात हिलाल धावत आला.

"पाणी मार आणि हो पुढे. आत्ता थांबलास तर सगळ्या कापडावर पट्टे पडतील."

"उस्ता, तेल अंगावर गेलंय," बयूमी मुकादमाला म्हणाला.

"तुझ्यावर कधी गेलं नाही? मेलास का तू?"

मितवल्लीने विजारीवरूनच गरम पाण्याचा पाइप फिरवला आणि काम धरलं. ओल्या, तेलकट विजारीत तो दुपारपर्यंत उभा होता. मग बयूमीने त्याच्याकडे पाहिलं तर ओठ तुती खाल्ल्यासारखे झालेले. नखंही तशीच. "चेष्टा करतोयस का?" असं बयूमी म्हणाला, आणि मितवल्ली हौदाच्या कठड्यावरून खाली घसरला.

कारखान्याच्या गाडीतून त्याला सरकारी इस्पितळात नेलं. बयूमी सोबत होता आणि हिलालही. कामगारांचे फोन फाटकावरच्या कपाटात कुलपात असतात, त्यामुळे घरी कळवायला कुणाचा तरी फोन मागावा लागला. रावया बाजारात होती. निरोप आधी माझ्याकडे आला, मी तिला शोधून काढलं, आणि आम्ही दोघी टुकटुकमध्ये बसलो.

रस्त्यात गर्दी होती. गिरणीची पाळी सुटलेली. टुकटुकवाला हॉर्न वाजवून थकला. रावया एकच बोलत होती, "मावशी, डॉक्टर विचारतात ना? कुठलंही औषध द्यायच्या आधी विचारतात ना, बाकला चालतो का?"

"विचारतात. इथे सगळेच डॉक्टर विचारतात."

"पण सांगणार कोण?"

ती त्या टुकटुकमधून उतरली आणि गाड्यांमधून पळत सुटली. मी माझ्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी तिच्या मागे.

आणि इस्पितळात नेमकं तेच घडत होतं. ड्यूटीवर डॉक्टर हिबा होती, तरुण, हुशार, घाईतसुद्धा नीट बोलणारी. तिने मितवल्लीच्या हातातून रक्त काढलं तर ते तांबडं नव्हतं, चॉकलेटच्या रंगाचं होतं. ती बयूमीला म्हणाली, "तेलाने याचं रक्त बिघडवलंय. प्राणवायू वाहून नेत नाहीये ते. एक औषध आहे, निळं. शिरेतून दिलं की लवकर फरक पडतो. पण आधी एक सांगा, याला बाकला चालतो का? ज्यांना चालत नाही त्यांना हे औषध विषासारखं आहे."

बयूमीला जवळजवळ हसूच फुटलं. "बाकला? डॉक्टर, हा बाकल्यावरच जगतो. रोज माझ्या मांडीला मांडी लावून खातो."

"नक्की? तपासणीचा निकाल यायला उद्या उजाडेल, तेवढा वेळ नाहीये आपल्याकडे."

"माझ्या मुलांची शपथ."

ती तेवढ्यावर थांबली नाही. मितवल्लीच्या तोंडाशी वाकून तिने मोठ्याने विचारलं, "बाकला खातोस का तू? चालतो तुला?" त्याने डोळे उघडले. पायथ्याशी हिलाल उभा होता. मितवल्लीने हिलालकडे पाहिलं आणि मान हलवली. होय म्हणून हलवली, की डोकं गरगरत होतं म्हणून, हे बयूमीला आजही सांगता येत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ते निळं औषध शिरेत गेलेलं होतं.

रावयाने नळीतला निळा रंग पाहिला आणि ती किंचाळली, "बाकला चालत नाही त्याला! लहानपणापासून चालत नाही!"

डॉक्टर हिबाने एका हाताने नळी बंद केली. "मग हा रोज खातो ते?"

"मसूर आहे तो. मीच करून देते."

बयूमी भिंतीला टेकला. त्याने तोंडावर हात घेतला आणि लहान मुलासारखं, हुंदके देत, "मी शपथ घेतली, वहिनी, मी शपथ घेतली," असं म्हणत राहिला. रावयाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती हिलालकडे बघत होती. हिलालने डोळे खाली केले, खिशातून सिगारेट काढली आणि मग कुठे उभा आहे हे लक्षात येऊन परत ठेवली.

दुसऱ्या दिवसापर्यंत मितवल्ली निळ्याचा पिवळा झाला. नळीतून पिशवीत येणारी लघवी काळी होती. डॉक्टर हिबा आमच्याशी खोटं बोलली नाही. "तेलाने थोडं फोडलंच असतं," ती म्हणाली, "त्यात माझ्या औषधाची भर पडली. आता त्याचं रक्त काढून दुसऱ्याचं घालत राहायचं. मूत्रपिंडं टिकली तर टिकली. रक्तपेढीत त्याच्या गटाचं फारसं नाही. माणसं आणा. आणि प्रत्येकाच्या रक्ताची मला हीच तपासणी करावी लागेल. असल्याच दुबळ्या पेशी त्याच्या अंगात घालून चालणार नाही."

बयूमीने कारखान्यात निरोप दिला. पाळी सुटल्यावर काळ्या विभागातले लोक घोळक्याने आले. रावयाला ते पाहून रडू आलं. "बघा मावशी, सगळे आले," ती म्हणाली.

तेवढ्यात हिलाल दरवाज्यात येऊन उभा राहिला. कचेरीने पाठवलं होतं म्हणे, विचारपूस करायला. नर्स मोठ्याने म्हणाली, "एकेकाने या. आधी बाकल्याच्या आजाराची तपासणी होईल."

घोळका पांगू लागला. एकाला घरी पाहुणे आल्याचं आठवलं. दुसरा म्हणाला, परवाच ताप येऊन गेलाय. तिसरा काही न बोलताच जिना उतरला. रावया त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"तुम्ही भाऊ ना त्याचे? एका हौदावर उभे राहता ना?"

एकजण, चांगला उंचापुरा, खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, माझ्याही डब्यात मसूरच असतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्याच्या मागच्यानेही नजर चुकवली, आणि त्याच्या मागच्यानेही. किती घरांत किती बायका रोज मसूर घोटत होत्या देव जाणे. आणि ज्यांचं रक्त चांगलं होतं तेही घाबरले होते, कारण आपल्यात काय आहे हे त्यांना कुठे माहीत होतं? कारखान्याला नको असलेली गोष्ट निघाली तर?

रावया हिलालपुढे गेली. तिने त्याचे पाय धरले. मला ते बघवलं नाही. "उस्ता, तुम्ही जा इथून. फक्त जा. तुम्ही गेलात की ते रक्त देतील. माझा नवरा मरतोय हो."

"मी काय केलं, पोरी? मी कुणाला अडवलंय?" हिलाल पाय मागे घेत म्हणाला. "मला सांगितलंय थांबायला. मलाही घर आहे."

"तुम्हाला कुणी काय सांगितलंय ते मला नको. जा!"

तो गेला नाही. बाकावर बसला. डॉक्टर हिबा बाहेर आली आणि तिने त्याला सुनावलं, की निकाल तिच्याकडेच राहतील, कुणालाही दिसणार नाहीत. पण तोवर जिना रिकामा झाला होता. बयूमी एकटा बाही वर करून उभा होता. "माझं सगळं घ्या," तो म्हणाला. "पिंप आहे मी."

त्याचं रक्त चाललं. पण एका माणसाचं किती पुरणार?

तेव्हा मी जे केलं त्याचं श्रेय मी घेणार नाही, कारण कल्पना रावयाची होती. ती डोळे पुसून म्हणाली, "बायकांना कुठे कुणी कामावरून काढणार आहे?" आम्ही दोघी गल्लीगल्लीत फिरलो. काळ्या विभागातल्या माणसांच्या घरी, त्यांच्या बहिणींकडे, सासवांकडे. दुपारच्या उन्हात दारं वाजवत. काहींनी दार उघडलं नाही. एकीने तोंडावर म्हटलं, "तुझ्या नवऱ्याने लपवलं म्हणून आता सगळ्यांच्या डब्यात डोकावतील." पण बऱ्याचजणी आल्या. डोक्यावरचे रुमाल सारखे करत त्या इस्पितळाच्या जिन्यावर ओळीने बसल्या, आणि हिलालच्या समोरून एकेक आत गेली. हिलालची स्वतःची बायकोही आली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, त्यानेही तिच्याकडे नाही. काहींचं रक्त तपासणीत नाकारलं गेलं. त्या बिचाऱ्या बाहेर येऊन रडल्या, कारण त्यांना तेव्हाच कळलं की आपल्या मुलांना हे आपण दिलंय.

त्या रक्ताने मितवल्ली वाचला. त्याच्या ओठांवर रंग आला, त्याने दुआला ओळखलं, बयूमीला शिवी दिली. पण मूत्रपिंडं परत आली नाहीत. काही आठवडे आम्ही वाट पाहिली. डॉक्टर हिबा रोज पिशवीकडे बघायची आणि रोज तिचा चेहरा तसाच राहायचा. शेवटी ती म्हणाली, की आता कायम यंत्रावरच रक्त धुवावं लागेल.

चौकशी झाली. कारखान्याचे साहेब, एक सरकारी माणूस, डॉक्टर हिबाला साक्षीला बोलावलेलं. साहेबांनी विचारलं, तो सिगारेट ओढायचा का? ओढायचा. यकृताचा आजार सांगायचा का? सांगायचा. जन्मजात दोष लपवला का? लपवला. "त्याच हौदावर बाकीचे धडधाकट आहेत," साहेब म्हणाले.

डॉक्टर हिबा म्हणाली, "आज आहेत. एकाचं रक्त दुबळं असतं, दुसऱ्याचं यकृत हळू काम करतं, तिसरा धूर ओढतो, चौथा उपाशीपोटी येतो. तेलाला प्रत्येकात काही ना काही सापडतंच. चूक माझीही आहे, ती मी लिहून दिली आहे. पण ते तेल पाइपात राहायला हवं होतं, त्याच्या विजारीत नाही."

बयूमीने चिंधी बांधलेल्या सांध्याबद्दल सांगितलं. कधीपासून गळत होता, कुणाला किती वेळा सांगितलं होतं, सगळं. हिलालने सांगितलं, असं काही आपल्याला आठवत नाही. निकाल लागला तो जन्मजात दोषाचा. नुकसानभरपाई नाही. महिन्याभरात सगळ्या विभागाच्या रक्ताची तपासणी सक्तीची झाली आणि तो उंचापुरा माणूस आणि आणखी कितीतरी घरी बसले. बयूमीचं रक्त चोख होतं. त्याला जीभ लांब म्हणून काढलं.

रावयाला दुसऱ्या एका रंगाईच्या कारखान्यात घड्या घालायचं काम मिळालं. विम्याशिवाय मितवल्लीचं यंत्र परवडणार नव्हतं. पहिल्या दिवशी ती निघाली तेव्हा मी वरच होते. मितवल्ली खिडकीपाशी बसला होता, हाताला पट्टी, अंगावर मांस उरलेलं नाही, नुसता सदरा.

"कुठल्या विभागात?" त्याने विचारलं.

"घड्या. कोरडं कापड."

"शेजारी काय आहे?"

ती चप्पल घालत राहिली.

"रावया, शेजारी काय आहे?"

"रंग," ती म्हणाली. "भिंत आहे मध्ये."

"भिंतीला काय समजतं?" तो उठायला गेला आणि परत बसला. "नको जाऊस. दुआ आहे. माझ्यासारखं तुझ्यात काय आहे, ते कुणी बघितलंय?"

"तिथे कुणी बघत नाही, म्हणूनच तर घेतलं मला," ती म्हणाली. "मग तुमच्या यंत्राचे पैसे कोण देणार, सरकार?"

बयूमी दारात आला होता. आता तो भाड्याची टुकटुक चालवतो आणि मितवल्लीला यंत्रावर नेणं-आणणं त्याच्याकडे असतं. त्याने आत पाहिलं, दोघांची तोंडं पाहिली आणि नेहमीसारखं काहीतरी तोंडाळ बोलायचं सोडून दिलं. मग तो मितवल्लीजवळ गेला, त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उठवलं. जिना अरुंद आहे आमचा. ते दोघं एकमेकांना धरून खाली उतरले, रावया त्यांच्या मागून, आणि रस्त्यावर आल्यावर ती उजवीकडे वळली, ते डावीकडे.